दोन तारखांमधले दिवस मोजताना एक दिवस जातो कुठे?

मांजरपाट

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून शेवटी धागा काढला.

सभासदत्वाचं एक वेब ॲप आहे. माणूस कॅलेंडरमधून सुरुवातीची आणि शेवटची तारीख निवडतो, मधले दिवस किती ते आम्ही दाखवतो. जावास्क्रिप्टमध्ये दोन तारखांची वजाबाकी केली, मिलिसेकंद मिळाले, त्यांना ८,६४,००,००० ने (एका दिवसाचे मिलिसेकंद) भागलं आणि अपूर्णांक नको म्हणून फ्लोअर (खालचा पूर्णांक) लावला. चार ओळींचं काम. गेल्या एप्रिलपासून बिनबोभाट चालू होतं.

आता १ मार्च २०२५ ते ३१ मार्च २०२५ निवडलं की न्यूयॉर्क आणि लंडनच्या सभासदांना २९ दिवस दिसतात. टोकियोतल्यांना ३०. माझ्या मशीनवर काही केल्या ३०च. "माझ्याकडे तर चालतंय" हे उत्तर देऊन झालं, ते कुणालाच आवडलं नाही.

सहकारी म्हणतो, फ्लोअर काढ आणि सील (वरचा पूर्णांक) लाव, २९.९५८ चे ३० होतील. तसंच करू का?

(फोनवरून लिहितेय, कोडसुद्धा देवनागरीतच सांगते. सांभाळून घ्या.)

जुनाजाणता

सील लावू नका. आजचं टिकेट बंद होईल आणि नोव्हेंबरात दुसऱ्या बाजूने उघडेल.

२९.९५८ आला कुठून ते आधी बघा. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ ला पहाटे दोनचे एकदम तीन वाजले (उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करतात, तो डीएसटी). तो दिवस २३ तासांचा. लंडनमध्ये हाच प्रकार ३० मार्चला. त्यामुळे १ मार्चच्या मध्यरात्रीपासून ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत दोन्हीकडे ७२० ऐवजी ७१९ तास भरतात. ७१९ भागिले २४, हे तुमचे २९.९५८. टोकियोत घड्याळ हलवत नाहीत, तिथे ७२० पूर्ण.

आता सील लावून न्यूयॉर्कसाठी १ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०२५ मोजा. २ नोव्हेंबरला तो तास परत मिळतो, दिवस २५ तासांचा. एकूण ७२१ तास, भागाकार ३०.०४, सील म्हणणार ३१. एप्रिलपासून तक्रार का नव्हती तेही यातच आलं. फ्लोअरला जास्तीचा तास पचतो, कमी पडलेला पचत नाही. मार्च उजाडेपर्यंत तुमची चूक झोपून होती.

काठावरचा

वाचतोय. आमच्याकडे पण असाच एक भुताटकीचा बग आहे, दर मार्चमध्ये येतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप "सुटतो".

टिंब_टिंब

फ्लोअर नको, सील नको, राउंड (जवळचा पूर्णांक) लावा की. दोन्ही टोकांना स्थानिक मध्यरात्र असेल तर तासाभराची खोट राउंडमध्ये बुजते. मी कैक वर्षं हेच करतेय.

पण मांजरपाट, एक विचारू? त्या तारखा सर्व्हरला पाठवता कशा आणि परत वाचता कशा? मला वास येतोय की तुमचा मोठा बग अजून समोर आलेलाच नाही.

मांजरपाट

कॅलेंडर विजेट स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट देतं. पाठवताना टू-आयएसओ-स्ट्रिंग करून (म्हणजे तारखेचा मजकूर करून) पहिली १० अक्षरं कापून घेतो, म्हणजे फक्त वर्ष-महिना-दिवस. परत वाचताना तीच स्ट्रिंग न्यू डेटला देतो.

आणि आता हसू नका. दाखवण्याच्या कोडमध्ये कुणीतरी "अधिक १ दिवस" लिहून ठेवलंय. वर कॉमेंट आहे: "हात लावू नये". मी लावला नाही.

टिंब_टिंब

नाही हसत. (हसले.)

तो अधिक १ कुठून आला असेल ते सांगते, कारण हा सापळा दुहेरी आहे आणि पूर्वेकडच्यांना एक अर्धा चावतो, पश्चिमेकडच्यांना दुसरा.

पाठवताना: टोकियोतली १ मार्चची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) २८ फेब्रुवारीचे १५:००. टू-आयएसओ-स्ट्रिंग नेहमी यूटीसीतच लिहितो. तुम्ही पहिली १० अक्षरं कापली की साठलं २८ फेब्रुवारी. अधिक साडेपाचला, म्हणजे भारतातही तेच, १८:३० आणि आदला दिवस. न्यूयॉर्कला मात्र १ मार्चची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत १ मार्चचे ०५:००, तिथे बरोबर साठतं.

वाचताना: जावास्क्रिप्टला नुसती तारखेची आयएसओ स्ट्रिंग दिली की ती यूटीसी मध्यरात्र धरली जाते. तिच्यापुढे वेळ लिहिली आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) लिहिला नाही, की २०१५ च्या मानकापासून ती स्थानिक वेळ धरली जाते. एकाच कन्स्ट्रक्टरचे हे दोन नियम! त्यामुळे न्यूयॉर्कला बरोबर साठलेली १ मार्च वाचताना झाली २८ फेब्रुवारीची संध्याकाळ, ७ वाजता. टोकियोला चुकीची साठलेली २८ फेब्रुवारी वाचताना २८च राहिली.

थोडक्यात, एकजण जाताना घसरला, दुसरा येताना घसरला, आणि दोघांच्याही पडद्यावर २८ फेब्रुवारी. कुणीतरी बघितलं, सगळीकडे एक दिवस कमी पडतोय, टाका अधिक १. दोन्हीकडे जमलं. म्हणून "हात लावू नये".

आता माझ्यासाठी एक करा. लंडनची वेळ लावून तेच सभासदत्व साठवा आणि परत उघडा.

मांजरपाट

केलं. सुरुवात २ मार्च दिसते. शेवट ३१ मार्चच. हे काय आहे??

टिंब_टिंब

१ मार्चला लंडन आणि यूटीसी एकच. जाताना घसरण नाही, येताना घसरण नाही, वरून तुमचा अधिक १. म्हणून २ मार्च. ३१ मार्चला लंडन यूटीसीच्या एक तास पुढे गेलेलं असतं, त्यामुळे तिथली मध्यरात्र यूटीसीत ३० मार्चचे २३:००. साठली ३०, वाचली ३०, अधिक १, झाली ३१. उन्हाळ्यात बरोबर, हिवाळ्यात एक दिवस पुढे.

काठावरचा

अधिक १ ला साष्टांग दंडवत.

बग्गी

मी टेस्टिंगवाली. कबूल करते, अशा बगला मी "पुन्हा घडत नाही" म्हणून दोनदा बंद केलंय.

जुनाजाणता

राउंडबद्दल. चालेल, पण "दोन्ही टोकांना मध्यरात्र असेल तर" या अटीवर सगळा डोलारा आहे. मध्यरात्र प्रत्येक दिवशी असतेच असं नाही. ब्राझीलने २०१९ मध्ये घड्याळं हलवणं बंद केलं, त्याआधी साओ पाउलोत घड्याळ मध्यरात्रीच पुढे जायचं. ४ नोव्हेंबर २०१८ ला तिथे रात्री बाराचा थेट एक वाजला. त्या दिवसाची ००:०० मागितली तर जावास्क्रिप्ट मुकाट्याने ०१:०० हातात ठेवतं. म्हणून काही जुने लोक मध्यरात्रीऐवजी दुपारचे बारा धरतात. युक्ती बरी आहे, पण ती ठिगळच.

मूळ घोळ वेगळा आहे. "किती दिवस" या एका वाक्यात दोन प्रश्न लपलेले असतात आणि आपण न विचारताच एकाचं उत्तर देऊन मोकळे होतो.

पहिला प्रश्न: या क्षणापासून त्या क्षणापर्यंत किती काळ गेला? सर्व्हर किती वेळ बंद होता, पार्सलला किती तास लागले, टोकन कधी शिळं होणार. इथे क्षण हवेत, यूटीसी हवी, उत्तर सेकंदात किंवा तासात.

दुसरा: कॅलेंडरची किती पानं उलटली? सभासदत्व, रजा, वय, व्याजाचे दिवस. इथे घड्याळाचा संबंधच नाही. १ मार्च ते ३१ मार्च ३० पानं, मग कुणी मधे तास चोरो की परत देवो. तारीख म्हणजे वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे. तिला टाइमझोन नसतो, जसा जन्मतारखेला नसतो. तुम्ही तिला डेट ऑब्जेक्टमध्ये कोंबलं, त्याने तिच्या गळ्यात मध्यरात्र बांधली, मध्यरात्रीने टाइमझोन आणला, टाइमझोनने डीएसटी. पाहुण्यामागून पाहुणे.

तुमचा प्रश्न दुसरा आहे आणि कोड पहिल्याचं उत्तर देतोय.

जावास्क्रिप्टमध्येच राहायचं तर: दोन्ही तारखांचं स्थानिक वर्ष, महिना, दिवस काढा, ते तीन आकडे डेट-डॉट-यूटीसीला द्या, वजाबाकी करा, ८,६४,००,००० ने भागा. बाकी शून्यच येणार, कारण यूटीसीच्या त्या काल्पनिक कॅलेंडरमध्ये प्रत्येक दिवस २४ तासांचा असतो. फ्लोअर, सील, राउंड, कुणाचीच गरज नाही. महिना शून्यापासून मोजला जातो तेवढं विसरू नका. आणि साठवताना तेच तीन आकडे स्वतः जोडून स्ट्रिंग करा, टू-आयएसओ-स्ट्रिंगला मधे घेऊ नका.

अजगर_प्रेमी

"प्रत्येक दिवस २४ तासांचा" यावर एक टाचणी: लीप सेकंद, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घालतात तो जादा सेकंद? :-)

जुनाजाणता

येणार होतातच तुम्ही. १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. युनिक्स वेळ ते मोजतच नाही, दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरते. उपग्रह उडवत नसाल तर सोडून द्या.

मांजरपाट

जुनाजाणता, टिंब_टिंब, दोघांना मनापासून धन्यवाद. डेट-डॉट-यूटीसीने न्यूयॉर्क, लंडन, टोकियो तिन्हीकडे ३० आले. अधिक १ अजून काढलेला नाही, धीर होत नाहीये. आधी साठवलेल्या तारखांचं काय करायचं तेही कळत नाही.

मधल्या काळात सहकाऱ्याने दुसरा उपाय आणलाय: गेट-टाइमझोन-ऑफसेट घ्यायचा आणि दोन्ही तारखांतून तेवढी मिनिटं वळती करायची.

टिंब_टिंब

कोणत्या दिवसाचा ऑफसेट? आजचा काढून दोन्हीला लावत असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर. ऑफसेट हा टाइमझोनचा कायमचा गुण नव्हे, त्या टाइमझोनमधल्या त्या क्षणाचा आहे. न्यूयॉर्कचा १ मार्चला उणे पाच, ३१ मार्चला उणे चार. प्रत्येक तारखेचा आपापला काढावा लागतो.

आणि चिन्ह उलटं असतं. अधिक साडेपाचच्या मशीनवर ते फंक्शन उणे ३३० देतं.

विदाधर

उलट्या चिन्हाची गंमत तिथेच संपत नाही. आयएएनएच्या टाइमझोनच्या यादीत "ईटीसी/जीएमटी+५" नावाचा झोन आहे, तो ग्रीनिचच्या पाच तास मागे. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाची जुनी पद्धत, पश्चिम म्हणजे अधिक. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ॲट टाइम झोन लिहून पुढे "यूटीसी+५:३०" दिलंत तर तेही पॉझिक्सच्या पद्धतीने वाचलं जातं आणि तुम्ही अकरा तासांनी चुकता.

आद्याक्षरांवर तर विश्वासच नको. आयएसटी म्हणजे भारताची प्रमाणवेळ, इस्राएलची आणि आयर्लंडचीही. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत आयएसटी हा इस्राएलचा आहे, अधिक दोन. सीएसटी उत्तर अमेरिकेच्या मध्य भागाचा, चीनचा आणि क्यूबाचा. पूर्ण नाव लिहा, खंड/शहर असं. नुसता ऑफसेट साठवणाऱ्यांनाही हेच सांगेन: अधिक एक म्हणजे हिवाळ्यातलं बर्लिन की उन्हाळ्यातलं लंडन, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही.

डेटाबेसवाल्यांचा आणखी एक लाडका गैरसमज. पोस्टग्रेसमधला "टाइमस्टँप विथ टाइम झोन" टाइमझोन साठवत नाही. नावात आहे, पोटात नाही. आलेली वेळ यूटीसीत नेतो, झोन फेकून देतो, दाखवताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टँप असाच यूटीसीत जातो, डेटटाइम मात्र जसाच्या तसा पडून राहतो. दोन्ही प्रकारचे कॉलम एकाच टेबलात ठेवून वजाबाकी करणारे महाभाग मी पाहिलेत. एक मी स्वतः होतो.

मांजरपाट, तुमच्या कॉलमचा प्रकार काय?

मांजरपाट

...व्हारचार. नुसता मजकूर.

विदाधर

गंमत नाही करत, बरंच झालं. निदान त्याने मागच्या मागे काही बदललं नाही. आता तो नुसता डेट करा. तारखेला डेट, क्षणाला टाइमस्टँप विथ टाइम झोन.

जुन्या नोंदींसाठी: प्रत्येक सभासदाचा टाइमझोन कुठे साठलाय का? असेल तर टिंब_टिंबनी सांगितलेला प्रवास उलटा चालवता येईल. सभासदाच्या झोनचा त्या दिवशीचा ऑफसेट अधिक असेल तर एक दिवस वाढवा, शून्य किंवा उणे असेल तर तशीच ठेवा. मग दाखवण्यातला अधिक १ त्याच डिप्लॉयमध्ये काढा. आधी नाही, नंतर नाही.

अजगर_प्रेमी

पायथनवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. पायथनमध्ये दोन डेटटाइमना एकच टीझेडइन्फो (टाइमझोनची माहिती) ऑब्जेक्ट असेल तर वजाबाकी करताना टाइमझोनकडे बघितलंच जात नाही, भिंतीवरच्या घड्याळाची वजाबाकी होते. न्यूयॉर्कची ९ मार्च २०२५ ची मध्यरात्र ते १० मार्चची मध्यरात्र: उत्तर १ दिवस, म्हणजे २४ तास. प्रत्यक्षात गेले २३. त्यांतलं एक यूटीसीत नेलं की उत्तर २३ तास. तेच दोन क्षण, दोन उत्तरं, आणि दोन्ही दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणे!

मांजरपाटना हवं असलेलं उत्तर पायथन चुकून देतो म्हणा ना. पण तास मोजायचे असतील तर आधी दोन्ही यूटीसीत न्या, मग वजा करा.

आणि पायटीझेड ही जुनी लायब्ररी अजून वापरत असाल तर: त्याचा आशिया/कोलकाता झोन थेट टीझेडइन्फो म्हणून चिकटवला की ऑफसेट ५ तास ५३ मिनिटं येतो. कारण डेटाबेसमधली त्या झोनची सर्वांत जुनी नोंद, स्थानिक सौर वेळ, उचलली जाते. लोकलाइझ वापरावं लागतं. ३.९ पासून झोनइन्फो अंगभूत आहे, तिकडेच वळा.

तसंच टाइमडेल्टाचं (पायथनमधल्या कालावधीचं) डेज. एक तास मागे गेलात की डेज उणे एक देतो, आणि वर २३ तास शिल्लक. उणे संख्येचा फ्लोअर. मी यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

वर्गवारी

जावात हे दुखणं २०१४ साली संपलं. जावा ८ मध्ये लोकलडेट (नुसती तारीख) वेगळा, इन्स्टंट (क्षण) वेगळा, झोन्डडेटटाइम (झोनसकट वेळ) वेगळा. क्रोनोयुनिट-डेज-बिटवीनला दोन लोकलडेट द्या, विषय संपला.

अजगर_प्रेमी

विषय संपला म्हणणाऱ्यांनी पिरियडबद्दल पण सांगावं.

वर्गवारी

:-) बरं. पिरियड-बिटवीनला १ जानेवारी आणि १ मार्च दिलं आणि गेट-डेज विचारलं तर उत्तर शून्य. कारण पिरियड म्हणतो "२ महिने ० दिवस" आणि तुम्ही त्यातला दिवसांचा कप्पा उघडला. आमच्या कोडमध्ये हे रजेच्या हिशोबात होतं. महिना न ओलांडणारी रजा असेपर्यंत कुणाला काही कळलं नाही.

जावास्क्रिप्टलाही आता टेम्पोरल ही तारीख-वेळेची नवी सोय येतेय, त्यात प्लेनडेट (नुसती तारीख) हा प्रकार आहे. फायरफॉक्समध्ये १३९ पासून अंगभूत आहे. सगळीकडे पोचेपर्यंत पॉलीफिल, म्हणजे तीच सोय देणारं वरून जोडलेलं कोड.

काठावरचा

एक भाबडा प्रश्न. एवढं सगळं कशाला? सगळं यूटीसीत साठवायचं, दाखवताना बदलायचं. हाच नियम शिकवतात ना सगळे?

बग्गी

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). मलाही हेच शिकवलं होतं.

जुनाजाणता

झालेल्या घटनांना तो नियम सोन्यासारखा आहे. लॉग, व्यवहार, कुणी कधी बटण दाबलं. न झालेल्यांना नाही.

लेबनॉनचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये घड्याळं नेहमीप्रमाणे २५-२६ मार्चच्या रात्री पुढे जायची होती. २३ मार्चला सरकारने जाहीर केलं की आता एप्रिलच्या २०-२१ ला. दोन-तीन दिवस हातात. देशातल्या कित्येक संस्थांनी ते मानलं नाही आणि आपली घड्याळं ठरल्याप्रमाणे पुढे केली. एकाच शहरात दोन वेळा. २७ तारखेला सरकारने निर्णय मागे घेतला आणि २९-३० च्या रात्री घड्याळं पुढे गेली.

आता समजा जानेवारीत कुणी २८ मार्च, सकाळी १० ची भेट ठरवली आणि तुम्ही ती इमानदारीत यूटीसीत साठवली, ०७:००. सरकारी वेळेप्रमाणे २८ मार्चला ती सकाळी ९ ला दिसणार. माणसं दहाला येणार, तुमचं स्मरणपत्र तासभर आधी जाणार. माणसाने शब्द दिला होता "सकाळी दहा"चा, ०७:०० यूटीसीचा नव्हे. भविष्यातल्या भेटीसाठी स्थानिक तारीख-वेळ आणि झोनचं नाव साठवा. यूटीसी हवी तर सोबत ठेवा, पण ती काढलेली किंमत आहे, टाइमझोन डेटा बदलला की पुन्हा काढायची.

तुर्कस्तान २०१६ पासून कायमचं अधिक तीनवर. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात डीएसटी बंद केला, सीमेलगतच्या काही भागात ठेवला. इजिप्तने २०२३ मध्ये तो परत आणला. उत्तर कोरियाने २०१५ मध्ये घड्याळ अर्धा तास मागे नेलं आणि २०१८ मध्ये परत पुढे आणलं. हे कुठल्याही सूत्रात बसत नाही, त्याची यादीच ठेवावी लागते. ती यादी म्हणजे आयएएनएचा टीझेड डेटाबेस. वर्षातून अनेकदा बदलतो. आणि तुमच्या एका व्यवस्थेत त्याच्या चार प्रती असतात: ऑपरेटिंग सिस्टिमची, डेटाबेसची, भाषेच्या रनटाइमची, ब्राउझरची. चारही एकाच आवृत्तीच्या असतील ही आशा धरू नका.

विदाधर

+१. यादी मागच्या काळासाठीसुद्धा बदलते. शांघायच्या जुन्या वेळेची नोंद पूर्वी १९२७ च्या अखेरीस उडी मारायची. एका सेकंदाच्या अंतरावरच्या दोन वेळा वजा केल्या की ३५३ सेकंद यायचे. पुढे डेटाबेसमधली ती नोंदच दुरुस्त झाली आणि त्याच कोडचं उत्तर बदललं.

बग्गी

टेस्ट कशा लिहायच्या ते कुणी सांगेल का? आमचा बिल्ड सर्व्हर यूटीसीवर आहे, तिथे सगळं हिरवंगार.

टिंब_टिंब

तोच तर खड्डा. यूटीसीवर यातले बहुतेक बग दिसतच नाहीत. टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तोच संच पुन्हा पुन्हा चालवायचा. माझी यादी: न्यूयॉर्क (पश्चिम आणि डीएसटी), लंडन (अर्धं वर्ष यूटीसी, म्हणून लबाड), काठमांडू (अधिक ५:४५, पूर्ण तास गृहीत धरणारे इथे सापडतात), लॉर्ड हाव बेट (डीएसटी अर्ध्याच तासाचा), किरितिमाती बेट (अधिक १४) आणि आपिया.

"आत्ता" ही वेळ कोडने स्वतः घड्याळातून घेऊ नये, बाहेरून द्यावी. म्हणजे टेस्टला ९ मार्चची वाट बघावी लागत नाही.

दिवसांची यादी तयार करणारं लूप असेल तर तेही तपासा. २४ तास मिळवत पुढे जाणाऱ्या लूपमध्ये २ नोव्हेंबर न्यूयॉर्कला दोनदा येतो, ००:०० ला एकदा आणि २३:०० ला परत.

बग्गी

आपिया कशाला?

टिंब_टिंब

सामोआने २०११ मध्ये वाररेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर. तिथे ३० डिसेंबर २०११ उगवलाच नाही.

बग्गी

मग २९ ते ३१ डिसेंबर किती दिवस धरायचे?

जुनाजाणता

तासांनी १, पानांनी २. राउंडवाले म्हणतील १, डेट-डॉट-यूटीसीवाले म्हणतील २. जावाचा लोकलडेटही २ म्हणेल. तुम्हाला कोणतं हवं ते करार सांगणार, लायब्ररी नाही.

गणिती_आजी

उशिरा आले. सगळं वाचलं, छान चाललंय. पण मूळ प्रश्नातली एक गोष्ट कुणी विचारली नाही. १ ते ३१ मार्च सभासदत्व असेल तर माणूस ३१ दिवस आत येतो. वजाबाकी ३० देते. दोन्ही टोकं धरायची की एकच? कुंपणाचे खांब आणि मधल्या फटी, शाळेतलं गणित. टाइमझोनच्या आधी हे ठरवा गं बाई.

मांजरपाट

आजी! हे अख्ख्या टीममध्ये कुणाला सुचलं नाही. विचारून येते.

विदाधर

अवांतर: विचारणारच आहात तर एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्या मंडळींनाही सांगा. तिथला डेटडिफ अंतर मोजत नाही, ओलांडलेल्या सीमा मोजतो. ३१ डिसेंबर ते १ जानेवारी, वर्षात विचारलं तर उत्तर १. अशा कोडने काढलेली वयं मी पाहिली आहेत. एक दिवसाची मुलगी, वय वर्षं एक.

काठावरचा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (२९ फेब्रुवारीच्या वाढदिवसाबद्दल विचारणार होतो, तो वेगळा धागा होईल.)

मांजरपाट

आले. खबरबात:

दोन्ही टोकं धरायची ठरलं, म्हणजे ३१. आजींचा विजय असो. अधिक १ निघाला, व्हारचारचा डेट झाला, जुन्या नोंदी विदाधरांच्या पद्धतीने वळवल्या. झोन न साठलेले काही सभासद निघाले, त्यांच्याकडून तारखा पुन्हा विचारून घेतोय. टेस्ट सहा झोनमध्ये चालतात. (गंमत म्हणजे "अधिक १" परत आलाच, पण आता तो मोजण्यात आहे आणि त्याला कॉमेंट आहे.)

एक शेवटची अडचण. पडद्यावर "आजपासून उरलेले दिवस" दाखवायचे आहेत. यात "आज" कुणाचा? सभासदाचा, सर्व्हरचा, की आमचा?

जुनाजाणता

हा खरा प्रश्न, आणि तो प्रोग्रामरने एकट्याने सोडवायचा नसतो. यूटीसीत सकाळचे साडेदहा वाजलेले असताना किरितिमातीत मध्यरात्र उलटून उद्याचे साडेबारा झालेले असतात, अमेरिकन सामोआतल्या पागो पागोत कालचे रात्रीचे साडेअकरा. त्या घडीला पृथ्वीवर तीन तारखा चालू असतात. "आज" हा शब्द झोनशिवाय अर्धाच.

साधारण तीन वाटा. सभासदाच्या झोनमधला आज: त्याला पटतं, पण झोन बदलून मुदत लांबवता येते. संस्थेच्या झोनमधला आज: सगळ्यांना सारखा, पण लांबच्या माणसाला त्याच्या दुपारी "मुदत संपली" दिसेल. किंवा शोधनिबंध मागवणाऱ्या परिषदा धरतात तसा उणे बारा, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक आहे तोवर चालेल. ग्राहकाकडून लेखी घ्या, आणि जे ठरेल ते पडद्यावर मुदतीच्या शेजारी छापा.

मांजरपाट

विचारलं. लेखी उत्तर आलं: "मुख्य कार्यालयाची वेळ धरा."

टिंब_टिंब

छान. कुठे आहे मुख्य कार्यालय?

मांजरपाट

दोन आहेत.